वाचकांचे प्रश्न: पटतं एक, घडतं दुसरंच

मागच्या अंकात आपण रोजच्या जगण्यात मूल्यांचं नेमकं काय काम असतं ह्यावर प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. प्रामाणिकपणा चांगला का, हे जवळजवळ कुणीच विचारलेलं नाही, ते सगळ्यांना माहीतच आहे. अडलंय सगळ्यांचं ते दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या की काय करायचं इथे. म्हणून तशीच पत्रं आधी घेतलीत, आणि पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीये कारण त्यात कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न आहे.

प्रश्न: ताई, मी एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीनच्या सेफ्टी गार्डची दर आठवड्याला तपासणी असते, म्हणजे गार्ड उघडलं की मशीन आपोआप बंद पडतंय ना ते बघायचं. त्यासाठी मशीन थांबवावं लागतं आणि प्रॉडक्शनवाल्यांना ते नको असतं. सुपरवायझर म्हणतात टिक मार, सही कर, आत्तापर्यंत काही झालंय का, पुढच्या आठवड्यात नीट बघू. दोन-तीनदा केली तशी सही. माणूस वाईट नाहीये, माझ्या अडचणीत त्यांनी मदत केलीये. डोक्यावर लोन आहे, नोकरी घालवून चालणार नाही. पण सही करताना हात जड होतो. काय करू? — एक तंत्रज्ञ

उत्तर: आधी एक सांगते, घर चालवणं आणि ज्याने मदत केली त्याला अडचणीत न आणणं हीसुद्धा मूल्यंच आहेत, त्यामुळे आपण स्वार्थी झालोय की काय असं मनात असेल तर ते काढून टाका. तुमच्याकडे दोन खऱ्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतायत.

पण आता त्या चेकलिस्टवरच्या रकान्याकडे नीट बघा. तुमची टिक सुपरवायझरसाठी नसते हो, त्यांना माहीतच आहे की तपासलेलं नाही. ती टिक ऑपरेटरसाठी असते. तो गार्ड उघडतो, मशीन बंद पडलं असणार असं धरून चालतो आणि आत हात घालतो. त्याला तुमच्या लोनचं माहीत नाही, सुपरवायझरच्या टार्गेटचं माहीत नाही, त्याने फक्त एका सहीवर विश्वास ठेवलाय. ह्या सगळ्या व्यवहारात ज्याला कुणी विचारलंच नाही असा तो एकटाच, आणि धोका सगळा त्याच्या वाट्याला.

"आत्तापर्यंत काही झालंय का" हे वाक्य फार जुनं आहे. अमेरिकेच्या चॅलेंजर यानाच्या रॉकेटमधले रबरी सील आधीच्या उड्डाणांत खराब होऊन येत होते, हे संबंधितांना माहीत होतं, पण यान दरवेळी सुखरूप परत यायचं म्हणून तेवढं खराब होणं हळूहळू चालण्यासारखं मानलं जायला लागलं. रॉजर बॉइसजोली नावाच्या इंजिनिअरने जुलै १९८५ मध्ये वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की ह्यातून माणसं जाऊ शकतात. उड्डाणाच्या आदल्या रात्रीसुद्धा त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी थंडी फार आहे, थांबा, असं परोपरीने सांगितलं. २८ जानेवारी १९८६ ला यान उडालं, ७३ सेकंदांनी त्याचे तुकडे झाले आणि सातही जण गेले. पुढे डायन वॉन ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ह्या प्रकरणाचा खोलात जाऊन अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं ते असं की एकाच दिवशी कुणी ठरवून मोठा नियम मोडलेला नव्हता, दरवेळी थोडं थोडं चालवून घेतलं आणि तेच नॉर्मल होऊन बसलं. तुमच्या विभागात आत्ता हेच घडतंय.

आणि तुमचा हात जड होतोय ना, तो अजून जड होतोय ही चांगली गोष्ट आहे. असंच चालू राहिलं तर तो हलका होईल, ह्याची मला जास्त काळजी वाटते. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना अतिशय कंटाळवाणं काम दिलं आणि मग पुढच्या माणसाला 'काम मजेशीर आहे' असं खोटं सांगायला लावलं, काहींना त्याचे २० डॉलर दिले, काहींना फक्त १. नंतर विचारलं तर एक डॉलरवाल्यांना ते काम खरंच बरं वाटायला लागलं होतं! वीस डॉलरवाल्यांकडे खोटं बोलायला कारण तरी होतं, एकवाल्यांकडे तेही नव्हतं, म्हणून त्यांच्या मनाने मतच बदलून टाकलं. क्षुल्लक कारणासाठी पटत नसलेलं करत राहिलं की माणूस तसा आतून बदलत जातो.

आता करायचं काय. पुढच्या वेळी टिक मारू नका, त्या जागी 'मशीन चालू असल्याने तपासणी राहिली' असं लिहा, तारीख-वेळ टाका आणि सही करा. पण लिहायच्या आधी सुपरवायझरना एकटं गाठून सांगा, चारचौघांत नको, त्यांनी तुम्हाला मदत केलीये तर तेवढा मान त्यांचा आहेच. "साहेब, राहिलंय ते राहिलंय असं लिहितो, मशीन कधी थांबवायचं ते तुम्ही ठरवा" एवढंच. आणि जाताना उपाय पण घेऊन जा, टूल बदलायला किंवा सेटिंगला मशीन थांबतंच, ती वेळ साधून तपासणी करता येईल का ते प्रॉडक्शनवाल्यांशी आधीच बोलून ठेवा, बरेचदा भांडण तिथेच मिटतं. तरीही त्यांनी टिकच मार असं म्हटलं तर "आपल्या बोलण्याप्रमाणे अमुक मशीनची तपासणी ह्या आठवड्यात होणार नाही" असा साधा मेल त्यांना टाका, आरोप नको, फक्त नोंद. आणि ज्या मशीनवर आधी न बघता सही झालीये ती सगळ्यात आधी तपासून घ्या, ह्याच आठवड्यात, बाकी सगळं त्यानंतर.

नोकरीला काहीच धोका नाही असं मी म्हणणार नाही. सुपरवायझर काही दिवस नाराज राहतील, कदाचित जास्तच. पण अपघात झाला तर त्या कागदावर त्यांचं नाव नसेल, तुमचं असेल, हा हिशोबही लक्षात घ्या.

प्रश्न: ताई, बाबांना गंभीर आजार निघालाय. डॉक्टरांनी आम्हा भावंडांना बाजूला घेऊन सांगितलं. दादा म्हणतो बाबांना काही सांगायचं नाही, खचतील, उरलेले दिवस आनंदात जाऊ देत. मला हे खोटं खोटं हसणं जमत नाहीये, बाबांनी आम्हाला आयुष्यभर खरं बोलायला शिकवलं आणि आता त्यांच्याशीच खोटं? दादाशी रोज वाद होतोय. कोण बरोबर? — एक मुलगी

उत्तर: तुमचा दादा प्रेमापोटी बोलतोय आणि तुम्हीही प्रेमापोटीच बोलताय, हे आधी एकमेकांना म्हणून दाखवा, वाद निम्मा तिथेच उतरेल.

इमॅन्युएल कांट ह्या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९७ मध्ये एक निबंध लिहिला होता, त्यात तो म्हणतो की मारेकरी दारात उभा राहून तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असेल तरी खोटं बोलू नये. इतकं टोक मला पटत नाही. पण ह्या वादात आपण बरेचदा एक विसरतो, की खरं बोलावं का लपवावं हे तुम्ही दोघं ठरवताय आणि आजार बाबांचा आहे. त्यांना किती जाणून घ्यायचंय हे त्यांना कुणी विचारलंय का?

डॉक्टरांसाठी वाईट बातमी कशी सांगावी ह्याची एक पद्धत आहे, २००० साली कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ती मांडली, सहा पायऱ्यांची. त्यात प्रत्यक्ष बातमी सांगण्याच्या आधीच्या दोन पायऱ्या निव्वळ विचारण्याच्या आहेत. एक, पेशंटला आत्तापर्यंत काय समजलंय, आणि दुसरी, त्याला किती माहिती हवीये, सगळी हवीये का मोघम, का घरच्या कुणाशी बोला असं त्याचं म्हणणं आहे. हे तुम्हाला घरीही करता येईल. टीव्ही बंद करा, जवळ बसा आणि सरळ विचारा, "बाबा, रिपोर्टबद्दल तुम्हाला काय वाटतंय? डॉक्टरांशी तुम्ही स्वतः सविस्तर बोलाल का आम्ही बघू?" आणि मग गप्प बसा, पाच-सहा सेकंदांची शांतता झाली म्हणून घाबरून विषय बदलू नका. ते म्हणाले "तुम्हीच बघा, मला नका सांगू" तर न सांगण्यात खोटेपणा राहत नाही, तो त्यांचा निर्णय झाला. आणि त्यांनी विचारलं तर डॉक्टरांच्या मदतीने खरं सांगा, एका दमात सगळं नाही, ते विचारतील तितकं.

एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिलीये, आजारी माणसाला बहुतेक वेळा अंदाज आलेलाच असतो. घरात शिरल्या शिरल्या सगळ्यांचे आवाज बदलतात, दाराआड फोन होतात, त्याला कळत नाही का? मग तो आपल्याला त्रास नको म्हणून न कळल्याचं सोंग करतो आणि आपण त्याला त्रास नको म्हणून हसत राहतो, आणि कुणाला द्यायचे पैसे, कुणाशी राहून गेलेलं बोलणं, हे सगळं तसंच आत राहतं. दादाला एवढंच समजावा की लपवून त्यांचं दुःख टळणार नाहीये, ते फक्त एकटे पडतील.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. स्वतःला मी मदत करणारा समजायचो, ग्रुपमध्ये पण सगळे तसंच म्हणतात. परवा परीक्षेला उशीर झाला होता, स्टेशनच्या जिन्यात एक काका कठडा धरून खाली बसले होते, घामाघूम. मी बघितलं आणि पुढे गेलो. पेपर लिहिताना सारखे तेच डोळ्यासमोर. म्हणजे माझी मूल्यं सगळी दिखाऊच का?

उत्तर: नाही रे. पण काय झालं ते समजून घेऊ, कारण ते पुन्हा होऊ शकतं.

१९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनिअल बॅट्सन ह्यांनी धर्मगुरू व्हायला निघालेल्या ४० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांना छोटं भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत जायला सांगितलं. वाटेत एका दारात एक माणूस वाकून बसलेला, खोकतोय, कण्हतोय, तो प्रयोगाचाच भाग होता. काहींचा भाषणाचा विषयच मुळी बायबलमधली, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची गोष्ट हा होता. ज्यांना वेळ आहे असं सांगितलं होतं त्यातल्या ६३ टक्क्यांनी मदत केली, थोडी घाई असलेल्यांत ४५ टक्क्यांनी, आणि "तुम्हाला उशीर झालाय, पळा" असं सांगितलेल्यांत फक्त १० टक्क्यांनी. भाषणाच्या विषयाने काही फारसा फरक पडला नाही! म्हणजे मदतीवर बोलायला निघालेली माणसंही घाईत मदत न करता पुढे गेली.

ह्याचा अर्थ मूल्यं खोटी असा मी घेत नाही. घाईत आपलं लक्षच इतकं आक्रसतं की समोरचा माणूस दिसतो पण त्याचं काय चाललंय हा प्रश्न मनात पूर्ण उमटायच्या आत आपण पुढे गेलेलो असतो. ज्याला काहीच वाटत नाही त्याला पेपर लिहिताना ते काका आठवले नसते.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे अगोदरच ठरवून ठेवायचं, अगदी नेमकं. पीटर गॉलविट्झर ह्या मानसशास्त्रज्ञाने ह्यावर बरंच काम केलंय, 'मी मदत करीन' असं मोघम ठरवण्यापेक्षा 'अमुक दिसलं की मी तमुक करीन' असं जर-तरमध्ये ठरवलेलं जास्त वेळा हातून घडतं. तुझ्यापुरतं असं ठेव, कुणी खाली बसलेलं दिसलं की मी थांबून "बरं वाटत नाहीये का?" एवढं विचारणार, आणि मला थांबता येत नसेल तर बाजूच्या एकाकडे बोट करून "तुम्ही, निळ्या शर्टवाले, जरा ह्यांच्याजवळ थांबता का, मी स्टाफला सांगतो" असं म्हणणार. एका विशिष्ट माणसाला सांगायचं, सगळ्यांना उद्देशून म्हटलं की कुणीच हलत नाही. ह्याला अर्धा मिनिट लागतो, तुझा पेपर बुडत नाही. आणि माणूस घामाघूम, छातीत दुखतंय म्हणतोय असं असेल तर थांबायचंच आणि ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवायची, उशीर झाला तर झाला.

दुसरा उपाय साधा आहे, घरातून जरा लवकर निघ. वाचायला किरकोळ वाटेल, पण चांगलं वागायला मोकळा वेळ लागतो आणि आपण दिवस असा काठोकाठ भरतो की दुसऱ्या कुणासाठी फटच राहत नाही, मग रात्री स्वतःला दोष देत बसतो.

प्रश्न: आठ वर्षांची मुलगी सर्रास खोटं बोलायला लागलीये. कितीदा समजावलं, गोष्टी सांगितल्या, शिक्षा केली. काल मात्र म्हणाली, "तू पण फोनवर सांगतेस ना मी बाहेर आहे म्हणून?" मला उत्तरच सुचलं नाही. — एक आई

उत्तर: उत्तर एकच आहे, "हो, सांगते, आणि ते बरोबर नाही, आता नाही सांगणार." तिने तुम्हाला पकडलं म्हणून रागावू नका, तिने फार बारकाईने बघितलंय.

जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक ह्यांनी १९७० मध्ये मुलांवर असेच प्रयोग केले होते. खेळात जिंकलेलं गरजूंना द्यावं असं एखादा मोठा माणूस बोलायचा पण स्वतः द्यायचा नाही, एखादा ह्याच्या उलट. मुलांनी प्रत्यक्षात किती दिलं ते त्या माणसाने काय केलं ह्यावर ठरलं, त्याच्या उपदेशाचा त्यावर असर दिसला नाही. हां, बोलताना मात्र मुलं त्याचं बोलणं उचलायची. म्हणजे बघा, बोलून आपण मुलांना बोलायला शिकवतो.

फोनचं एवढंच करा, ज्याच्याशी आत्ता बोलायचं नाही त्याला "आत्ता जमत नाहीये, संध्याकाळी करते" असं तिच्यासमोर म्हणा. आणि शिक्षा थोडी मागे घ्या, खरं सांगितल्यावरही तितकाच ओरडा पडणार असेल तर मूल खोटंच निवडेल, ते त्याच्या बाजूने शहाणपणाचंच आहे. तिने काही फोडलं आणि येऊन सांगितलं तर आधी सांगितल्याबद्दल बोला, मग दोघी मिळून तुकडे गोळा करा, विषय संपला.

प्रश्न: धाकट्या भावाने चांगली पक्की नोकरी सोडली, म्हणतो मनासारखं काम करायचंय. आईवडिलांचा विचार नाही, काही नाही. आजच्या पिढीला मूल्यंच नाहीत असं नाही वाटत तुम्हाला?

उत्तर: नाही वाटत. शालोम श्वार्ट्झ ह्या अभ्यासकाने १९९२ मध्ये अनेक देशांतली माहिती गोळा करून दहा मूलभूत मूल्यं मांडली, आणि ती एका वर्तुळात ठेवली. शेजारशेजारची एकमेकांना धरून असतात, समोरासमोरची एकमेकांना खेचतात. सुरक्षितता आणि परंपरा एका बाजूला, तर स्वतःच्या मनाने जगणं, नवं करून बघणं समोरच्या बाजूला. तुमचा भाऊ त्या वर्तुळाच्या पलीकडच्या अंगाला उभा आहे, वर्तुळाबाहेर नाहीये. नंतर २००१ मध्ये त्यांनी आणि अनत बार्दींनी असंही दाखवलं की वेगवेगळ्या समाजांत सरासरीने बघितलं तर आपल्या माणसांचं भलं बघणं हे सगळ्यात वर येतं आणि सत्ता अगदी तळाला. तेव्हा तुमच्या दोघांत एक मोठी गोष्ट सारखी असण्याचीच शक्यता जास्त. त्याला 'तुला काही वाटतं का' असं विचारण्यापेक्षा 'आईवडिलांच्या खर्चातला तुझा वाटा पुढचे काही महिने कसा देणार' असं विचारा. पहिल्या प्रश्नाने भांडण होतं, दुसऱ्याला आकड्यात उत्तर द्यावं लागतं, आणि त्यातून त्याने किती विचार केलाय ते लगेच कळेल.

प्रश्न: आपण आपल्या मूल्यांप्रमाणे जगतोय का, हे रोज तपासायची काही पद्धत आहे का?

उत्तर: अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी तेरा गुणांचा तक्ता केला होता. दर आठवड्याला एका गुणावर खास लक्ष द्यायचं आणि जिथे चूक होईल तिथे काळा ठिपका मारायचा, तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. त्याला सगळ्यात जास्त छळलं ते व्यवस्थितपणाने, कागद जागच्या जागी आणि कामं वेळच्या वेळी, हे आपल्याला कधीच नीट जमलं नाही असं त्याने म्हातारपणी लिहून ठेवलंय.

मी तेरा नाही सांगणार, एकच घ्या, ज्यावरून सध्या तुमची सगळ्यात जास्त ओढाताण होतेय ते. आणि नुसता ठिपका नको, चुकलं तेव्हा किती वाजले होते, समोर कोण होतं, झोप-भूक कशी होती, हे एका ओळीत लिहा, मोबाईलच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालेल. पंधराएक दिवसांनी वाचून बघा. एकच वेळ, एकच माणूस किंवा एकच जागा पुन्हा पुन्हा येत असेल, आणि बहुतेक येतेच, तर स्वभाव बदलायच्या मागे न लागता आधी त्या एका जागेचं काय करता येईल ते बघा. तिथे अडलात तर त्या नोंदींसकट मला लिहा.